एन्लार्जरची जुनी लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर: अडॅप्टर घरी कसा बनवायचा

डार्करूम बंद झाली, पण एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायचं यंत्र) अजून माळ्यावर पडून आहे, असे फोटो स्टुडिओ तालुक्याच्या गावांतून आजही सापडतात. त्या एन्लार्जरच्या खाली अंगठ्याएवढी दिसणारी ५० मि.मी.ची लेन्स असते. एल-निक्कॉर, रोडागॉन, कॉम्पोनॉन-एस, रशियन वेगा-११यू ही त्यातली नेहमीची नावं. एन्लार्जर भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर ही लेन्सही जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निगेटिव्हचा कोपरान् कोपरा कागदावर सारखाच धारदार उतरावा म्हणून घडवलेली ही काच आहे. फुलं, किडे, नाणी, पोस्टाची तिकिटं, जुनी कागदपत्रं टिपायला तिच्याइतकी चोख लेन्स त्या पैशांत मिळणार नाही.

बाजारात एम४२ (४२ मि.मी.च्या आट्यांच्या) किंवा निकॉनच्या जुन्या लेन्सेससाठी तयार अडॅप्टर स्वस्तात मिळतात. तशी लेन्स असेल तर सरळ विकत घ्या, घरी खटपट करू नका. खटपट करायची ती अशा लेन्ससाठी, जिला स्वतःची फोकस रिंग नाही आणि जी कॅमेऱ्यासाठी बनलेलीच नाही. म्हणून हा लेख एन्लार्जरच्या लेन्सवर आहे. यातलं गणित मात्र कोणत्याही लेन्सला लागू पडतं.

आधी अंतर समजून घ्या

अडॅप्टर म्हणजे मुळात एक ठरावीक अंतर. लेन्स सेन्सरपासून किती लांब उभी राहिली की दूरचं दृश्य स्पष्ट दिसतं, हे प्रत्येक लेन्सचं ठरलेलं असतं. लेन्स जिथे टेकते त्या कडेपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतच्या या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. एम४२ आट्यांच्या लेन्सला ते ४५.४६ मि.मी. लागतं, निकॉन एफला ४६.५, ऑलिंपस ओएमला ४६, मिनोल्टा एसआरला ४३.५, कॅननच्या जुन्या एफडीला ४२.

आता कॅमेऱ्याकडून पाहू. आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये आरशाला जागा लागते, म्हणून तिथेही हे अंतर मोठंच असतं: कॅनन ईएफ ४४, निकॉन एफ ४६.५. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सोनी ई १८ मि.मी., फुजी एक्स १७.७, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला आणि ही मधली मोकळी जागा पहिल्यांदा हौशी माणसाच्या हाती लागली. आपला अडॅप्टर त्या जागेतच बसतो.

लेन्सचं अंतर वजा कॅमेऱ्याचं अंतर म्हणजे अडॅप्टरची उंची. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मि.मी. तीच लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावायची तर उत्तर उणे १.०४ येतं. उणे उंचीची वस्तू कोणी बनवू शकत नाही, म्हणून तिथे दूरचा फोकस येत नाही. मधे काच घातलेले अडॅप्टर मिळतात, पण चांगल्या लेन्समागे स्वस्त काच लावणं मला पटत नाही.

हे अंतर चुकलं तर किती बिघडतं? त्याचा हिशेब सोपा आहे. फोकल लांबीचा वर्ग करा आणि अडॅप्टर जितका जास्त उंच झाला तितक्या मिलिमीटरने भागा. ५० मि.मी.च्या लेन्सला अडॅप्टर अर्धा मि.मी. उंच झाला तर २५०० भागिले ०.५, म्हणजे ५००० मि.मी. पाच मीटरपलीकडचं काहीही फोकस होणार नाही. २८ मि.मी.च्या वाइड लेन्सला तीच चूक दीड मीटरवर आणून ठेवते. उलट अडॅप्टर जरासा बुटका झाला तर काही बिघडत नाही. फोकस रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात दूरच्या फोकसच्या, थोडी पुढे जाते, एवढंच. म्हणून नियम एकच: शंका असेल तर कमी उंचीच्या बाजूला राहा. उंची वाढवायला कागदाच्या चकत्या घालता येतात. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मि.मी. असते.

काय काय लागेल

मिररलेस कॅमेरा आणि त्याचं एक जादा, स्वस्तातलं बॉडी कॅप, म्हणजे लेन्स काढल्यावर कॅमेऱ्याच्या तोंडाला लावायचं टोपण. कंपनीचं मूळ टोपण कापू नका. टोपण हाताला मेणचट लागत असेल तर घेऊ नका, त्या प्लास्टिकला अराल्डाइट धरत नाही. कडक, खणखणीत एबीएसचं हवं.

एक हेलिकॉइड. ही आट्यांवर फिरत लांब-आखूड होणारी धातूची नळी. तिच्या दोन्ही टोकांना एम४२चे आटे असतात, एका बाजूला बाहेरून, दुसऱ्या बाजूला आतून. एन्लार्जरच्या लेन्सला फोकस रिंग नसते, ते काम ही नळी करते. १७ ते ३१ मि.मी.ची मागा. २५ ते ५५ची जास्त लांब जाते म्हणून मोह होतो, पण तिने दूरचा फोकस मिळणार नाही. कारण पुढे हिशेबात येईल.

एम३९ ते एम४२ची रिंग. बहुतेक ५० मि.मी. एन्लार्जर लेन्सेसना ३९ मि.मी.चे आटे असतात. रिंग कडेची घ्या, बिनकडेची हेलिकॉइडच्या आत जाऊन रुतते आणि मग निघता निघत नाही. आणखी एक बारकावा: एन्लार्जर लेन्सचे आटे लायकाच्या जुन्या मापाचे, इंचाला २६ असतात, तर काही रिंगांचे एक मिलिमीटरच्या पिचचे, म्हणजे दोन आट्यांत एक मिलिमीटर अंतराचे. दोन-तीन फेरे दोन्ही जुळतात, मग घट्ट व्हायला लागतं. तिथेच थांबा. जोर लावलात तर लेन्सचे आटे जातील, आणि ते परत मिळत नाहीत.

बाकी सामान हार्डवेअरच्या दुकानातलं: व्हर्नियर कॅलिपर, अर्धगोल कानस, ड्रिल, ४० मि.मी.चा होल सॉ, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, जाड काचेचा तुकडा, सावकाश सुकणारं अराल्डाइट आणि फळ्याला लावतात तो काळा रंग. फेविक्विक या कामात आणू नका. त्याच्या वाफेने जवळच्या काचेवर पांढरट थर बसतो.

पायरी १: लेन्स तपासा

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडे लेन्स मिळाली की घेण्याआधी तिच्यातून मोबाइलचा टॉर्च पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमटपणाने हे हमखास होतं. कडेला एखादा ठिपका असेल तर चालेल, मधोमध जाळं असेल तर सोडून द्या. धुळीचे चार कण काही बिघडवत नाहीत. अ‍ॅपर्चरची (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी) रिंग फिरवून पाती मोकळी उघडतात-मिटतात का पाहा, पात्यांवर तेल चढलेलं नाही ना तेही पाहा.

पायरी २: लेन्सचं अंतर स्वतः मोजा

एन्लार्जर लेन्सचं फ्लँज अंतर डब्यावर छापलेलं नसतं आणि प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. पण ते घरी मोजता येतं. खोलीतले दिवे बंद करा, एकच खिडकी उघडी ठेवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. लेन्सचं तोंड खिडकीबाहेरच्या निदान ५० मीटर दूरच्या इमारतीकडे किंवा झाडाकडे करा आणि मागे पांढरा कागद धरा. कागदावर उलटं, लहानसं, रंगीत चित्र उमटेल. कागद पुढेमागे करून ते जास्तीत जास्त स्वच्छ करा आणि लेन्सची आट्यांजवळची टेकणारी कड ते कागद हे अंतर व्हर्नियरने घ्या. पाचसहा वेळा मोजा आणि सरासरी काढा. सूर्याकडे लेन्स मुळीच रोखू नका. कागद पेटतो आणि डोळ्यालाही धोका आहे.

समजा उत्तर ४३.५ मि.मी. आलं. सोनी ईसाठी त्यातून १८ वजा केले की उरले २५.५. लेन्सची कड आणि कॅमेऱ्याची कड यांच्यात एवढी उंची हवी.

आता बॉडी कॅप मोजा. इथे नवखा माणूस हटकून प्लास्टिकची जाडी मोजतो. मोजायची असते ती उंची: कॅमेऱ्याला टेकणाऱ्या कडेपासून टोपणाच्या बाहेरच्या चेहऱ्यापर्यंत. ती ४ मि.मी. धरू. रिंगची कड १ मि.मी. हेलिकॉइड पूर्ण मिटलेली असताना १७. एकूण २२. पूर्ण उघडल्यावर ३६. आपल्याला हवे असलेले २५.५ बरोबर मधे येतात, म्हणजे दूरचा फोकस मिळेल आणि पुढे आणखी १०.५ मि.मी. जवळच्या फोकससाठी उरतील. तेवढ्यात लेन्सपासून साधारण ३० सें.मी.वरचं फूल टिपता येतं. हीच बेरीज २५ मि.मी.च्या हेलिकॉइडने करून पाहा. मिटलेली असतानाच ती ३० होते, साडेचार मि.मी. जास्त. मग अर्ध्या-पाऊण मीटरपलीकडचं सगळं धूसर राहील.

ज्यांना फक्त मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं चित्र, हवं आहे त्यांनी या हिशेबाची चिंता करू नये. उंची जितकी जास्त, तितकं चित्र मोठं. त्यांना २५ ते ५५चीच हेलिकॉइड घ्यायला सांगेन.

पायरी ३: टोपणाला भोक

टोपणाचा मध्य नेमका काढणं महत्त्वाचं आहे. टोपणाएवढी गोल चकती कागदाची कापा, दोनदा घडी घाला, घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे टाचणीने खूण करा आणि चकती टोपणावर ठेवून ती खूण उतरवा. टोपण लाकडाच्या फळीवर पक्कं धरून आधी ३ मि.मी.चं भोक पाडा, मग होल सॉ हळू वेगाने चालवा. जोरात फिरवला तर प्लास्टिक वितळून कड ओबडधोबड होते. होल सॉ नसेल तर पेन्सिलीने वर्तुळ काढून त्याच्या आतल्या बाजूने बारीक भोकं ओळीने पाडा आणि मधला तुकडा तोडून काढा. वेळ जातो, काम तेवढंच चांगलं होतं.

४० मि.मी.च्या भोकातून एम४२चे आटे जाणार नाहीत. उरलेलं कानशीने. टोपण फिरवत, सगळीकडून सारखं, थोडं थोडं घासा आणि वरचेवर हेलिकॉइड लावून पाहा. आटे बोटाच्या दाबाने आत जावेत, सैल पडू नयेत.

हे सगळं कॅमेऱ्यापासून दूर, दुसऱ्या खोलीत करा. काम झालं की टोपण साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. प्लास्टिकचा बारीक चुरा सेन्सरवर गेला तर प्रत्येक फोटोतल्या आकाशात डाग दिसेल.

पायरी ४: सपाट आणि समांतर

नवख्यांचे घरगुती अडॅप्टर बिघडतात ते बहुतेक इथेच. लेन्स सेन्सरला समांतर उभी राहिली नाही तर फोटोची एक बाजू धारदार आणि दुसरी धूसर येते. मग माणूस लेन्सला दोष देतो.

पॉलिश पेपर काचेवर पसरा, टोपणाचा बाहेरचा चेहरा त्यावर पालथा ठेवा आणि इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासा. कंपनीचं उठावदार नाव असेल तर ते जाईपर्यंत. चेहरा एकसारखा मॅट दिसायला लागला की सपाट झाला. मग हेलिकॉइड बसवून, अजून काहीही न चिकटवता, टोपणाच्या टेकणाऱ्या कडेपासून हेलिकॉइडच्या वरच्या कडेपर्यंतची उंची चार बाजूंनी मोजा. चारही आकड्यांत ०.१ मि.मी.हून जास्त फरक नको. फरक असेल तर उंच बाजूवर किंचित जास्त बोट दाबून पुन्हा घासा. कंटाळवाणं आहे, पण घाई करू नका. अडॅप्टरची सगळी किंमत या पायरीत आहे.

पायरी ५: चिकटवणं

टोपणाचा आणि हेलिकॉइडच्या कडेचा सांधा २२० नंबरने खरवडा आणि स्पिरिटने पुसा. अराल्डाइटचे दोन्ही भाग सारखे घ्या, नीट कालवा. टोपणाच्या आतल्या बाजूने, जिथून आटे बाहेर डोकावतात तिथे, काडीने पातळ कडं घाला. बाहेरच्या चेहऱ्यावर, कडेखाली, अराल्डाइट लावू नका. तिथे थर बसला की चार बाजूंची मापं पुन्हा बदलतात. हेलिकॉइडच्या फिरणाऱ्या भागावर थेंब जाणार नाही हे बघा. वर एखादं जाड पुस्तक ठेवून पूर्ण दिवस तसंच राहू द्या.

कडं फार जाड झालं तर ते कॅमेऱ्याच्या आतल्या सोनेरी पिनांना लागेल. सुकल्यावर पाहा आणि उंचवटा कानशीने उतरवा. तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा फॉइल मुळीच लावू नका, पिना शॉर्ट होऊ शकतात.

पायरी ६: आतून काळं, बाहेरून बंद

हेलिकॉइडचा आतला भाग बहुधा चकचकीत असतो. लेन्समधून आलेला तिरका उजेड त्यावर आपटून सेन्सरवर पसरतो आणि फोटोच्या मधोमध फिकट डाग येतो. फळ्याचा काळा रंग आतून दोन पातळ हातांत लावा, आट्यांवर नाही. वेल्वेट पेपर यापेक्षाही जास्त उजेड खातो, पण स्वस्तातल्याचे तंतू सुटतात. मी रंगालाच पसंती देतो.

आता एन्लार्जर लेन्सचं खास दुखणं. एल-निक्कॉरच्या नव्या आवृत्तीत, कॉम्पोनॉन-एस आणि रोडागॉनमध्ये अ‍ॅपर्चरचे आकडे अंधारात उजळतात, कारण वरच्या दिव्याचा उजेड एका पारदर्शक खिडकीतून त्या आकड्यांपर्यंत येतो. कॅमेऱ्यावर हाच रस्ता उलटा चालतो. बाहेरचा उजेड आकड्यांच्या खिडकीतून आत शिरतो आणि फोटो पांढुरके येतात. त्या खिडकीवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावा. फोटोत दम नाही म्हणून अनेकजण चांगली लेन्स विकून टाकतात, तेव्हा खोट बहुतेकदा या खिडकीत असते.

पायरी ७: कॅमेऱ्याची तयारी

कॅमेऱ्याला ही लेन्स दिसत नाही, म्हणून तो शटर सोडायला नकार देऊ शकतो. सोनीच्या मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करा. मोड ए ठेवा, म्हणजे शटरचा वेग कॅमेरा ठरवेल. बॉडीत स्थिरीकरण असेल तर फोकल लांबी हाताने ५० भरा, नाहीतर कॅमेरा चुकीच्या हिशेबाने सेन्सर हलवतो. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) चालू करा, पण शेवटचा निर्णय चित्र मोठं करूनच घ्या. पीकिंगचा रंग फोकसच्या थोडं अलीकडे-पलीकडेही दिसत राहतो.

काही टोपणांना लॉकची खाच नसते. तसं असेल तर हेलिकॉइड फिरवताना आख्खा अडॅप्टरच फिरून लेन्स हातात येईल. टोपण कॅमेऱ्याच्या कडेजवळ दोन बोटांनी धरून ठेवायची सवय लावा. पुढच्या वेळी टोपणाऐवजी स्वस्त मॅक्रो ट्यूबचा कॅमेऱ्याकडचा भाग वापरा, त्याला लॉक असतो.

पायरी ८: तीन परीक्षा

पहिली, दूरच्या फोकसची. मोबाइलचा दूरचा टॉवर किंवा चंद्र घ्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. हेलिकॉइड मिटवत आणताना चित्र धारदार होऊन पुन्हा किंचित धूसर झालं पाहिजे. धूसर व्हायच्या आतच रिंग अडली, तर अडॅप्टर उंच आहे आणि टोपणाचा चेहरा आणखी घासावा लागेल.

दुसरी, समांतरपणाची. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर ताठ चिकटवा, कॅमेरा तिपाईवर ठेवून पानाला अगदी समोरासमोर धरा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचा. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव, अ‍ॅपर्चर एफ/५.६ किंवा ८ केलं की सुधारतात. एकच कोपरा मऊ असेल तर पायरी ४ची मापं पुन्हा घ्या.

तिसरी, उजेडाच्या गळतीची. लेन्सवर टोपण लावा, उन्हात जा, आयएसओ वाढवून दहा सेकंदांचा फोटो घ्या. तो काळाकुट्ट यायला हवा. कुठे लालसर पट्टा दिसला तर त्या बाजूचा सांधा बंद करा. मिररलेसमध्ये सेन्सर कायम उघडा असतो, म्हणून टोपण नसताना लेन्स सूर्याकडे रोखून ठेवू नका.

लेथवाल्याकडे जायचं असेल तर

हेलिकॉइड नको, एखाद्या लेन्सला अचूक उंचीची धातूची नळीच हवी, असं वाटेल तेव्हा लेथवर जा. कोल्हापूरचं उद्यमनगर, पुण्याचं भोसरी, किंवा तुमच्या गावच्या एमआयडीसीतलं एखादं लहान वर्कशॉप. एवढंसं काम घ्यायला टर्नर सुरुवातीला कां-कूं करतात, पण लेन्स हातात दिली की त्यांचं कुतूहल जागं होतं. नुसती मापं सांगू नका, कागदावर आकृती द्या: बाहेरचा व्यास, आतला व्यास, एकूण उंची, एम४२ गुणिले १चे आतले आटे. उंची हव्या त्या आकड्यापेक्षा ०.२ मि.मी. कमी सांगा, उरलेलं कागदाच्या चकतीने भरता येईल. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा, की आटे आणि ते ज्या कडेला भेटतात ती कड चकमधून (लेथच्या पकडीतून) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, न काढता एकाच सेटिंगमध्ये कापायची. जॉब काढून पुन्हा धरला की समांतरपणा गेला. धातूचा कीस नळीत अडकून राहतो, म्हणून घरी आणल्यावर रॉकेलने धुवून मगच कॅमेऱ्याजवळ न्या.

या अडॅप्टरवर पुढे ७५ किंवा ८० मि.मी.ची एन्लार्जर लेन्सही बसते, कारण तिच्यातल्या बऱ्याच मॉडेलना तेच ३९ मि.मी.चे आटे असतात. पायरी २ पुन्हा करा आणि जितकी उंची कमी पडेल तितक्या एम४२च्या साध्या एक्स्टेन्शन ट्यूब (बिनकाचेच्या पोकळ नळ्या) हेलिकॉइडच्या पुढे लावा. ८० मि.मी.ला अर्ध्या मि.मी.ची चूक जवळपास तेरा मीटरपर्यंत निभावते, त्यामुळे पहिल्या अडॅप्टरपेक्षा हे काम सोपं जातं.